पडद्यावरील मराठी अक्षर आणि त्यामागचे परवाने

‘वडवणी, जिल्हा बीड’ एवढाच मजकूर मोबाइलच्या पडद्यावर उमटवायचा असला, तरी त्यासाठी निदान चार वेगवेगळ्या गटांनी तयार केलेली सामग्री एका वेळी राबत असते. ‘जिल्हा’ या शब्दातील पहिली वेलांटी संगणकाच्या स्मृतीत ‘ज’नंतर साठवलेली असते, पण दिसावी लागते ती ‘ज’च्या आधी, पुढचा ‘ल्ह’ हा ल, हलन्त-चिन्ह आणि ह अशा तीन सांकेतिक क्रमांकांतून जुळवावा लागतो आणि ही जुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. जुळवलेल्या आकृतीचे ठिपक्यांत रूपांतर करण्याचे काम फ्रीटाइपचे, ओळ कोठे मोडावी आणि गावांची यादी मराठी अनुक्रमाने कशी लावावी हे सांगण्याचे काम आयसीयूचे, आणि अक्षरांचे वळण पुरवण्याचे काम नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टचे. अँड्रॉइडच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे हीच मंडळी हे काम करीत आली आहेत. यांपैकी हार्फबझ जुन्या वळणाच्या एमआयटी परवान्याखाली मिळते. फ्रीटाइप घेणाऱ्याला स्वतःचा परवाना किंवा जीपीएलची दुसरी आवृत्ती यांतून निवड करू देते. आयसीयूवर युनिकोड संघटनेचा परवाना आहे. आणि नोटो फॉन्ट आधी अपाची परवान्याखाली होते, ते २०१५ मध्ये ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ या खास फॉन्टांसाठी लिहिलेल्या परवान्याखाली आले. ॲप लिहिणाऱ्याने या चारांपैकी एकाचेही नाव आपल्या कोडमध्ये लिहिलेले नसते, आणि तरीही ते चारही त्याच्या कामाला आधार देत असतात.

प्रोग्रामर ज्याला डिपेंडन्सी म्हणतात तो अवलंबित घटक म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला आणि आपल्या सॉफ्टवेअरला चालण्यासाठी लागणारा असा हा कोड होय. त्याचे दोन स्तर पडतात: लेखकाने स्वतः मागवलेले घटक हे प्रत्यक्ष, आणि त्या घटकांनी आपल्या गरजेसाठी मागवलेले ते अप्रत्यक्ष. जावास्क्रिप्टच्या एखाद्या साध्या प्रकल्पात लेखक आठ-दहा पॅकेजांची नावे लिहितो, पण प्रत्यक्षात उतरलेल्या पॅकेजांची अचूक नोंद ठेवणारी लॉक फाइल उघडली, तर तिच्यात शेकडो नावे निघतात. या प्रत्येक नावामागे एक हक्कधारक आणि त्याने घातलेल्या अटी असतात. त्या अटी काय आहेत, त्या परस्परांशी जुळतात का आणि आपण त्या पाळतो का, हे पाहणे म्हणजे परवान्यांची तपासणी. हा विषय बहुतेक ठिकाणी प्रकल्पाच्या अखेरीस, ग्राहकाच्या वकिलाने विचारणा केल्यावर, एखादे साधन चालवून यादी काढण्यापुरता उरतो. अशी यादी ही तपासणीची सुरुवात असते, एवढे लक्षात घेतले जात नाही.

कायद्याची बैठक स्पष्ट आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ म्हणजेच कॉपीराइटच्या कायद्याच्या कलम २(ओ) नुसार संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतीत मोडते. त्यामुळे ती लिहिली जाताच, कोणतीही नोंदणी न करता, लेखकाला तिच्यावर हक्क मिळतो. बर्न करारामुळे आणि भारत सरकारच्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय प्रताधिकार आदेशामुळे हे संरक्षण परदेशी लेखकालाही भारतात मिळते. यातून निघणारा निष्कर्ष अनेक नवशिक्यांना उलटा वाटतो: इंटरनेटवर उघड ठेवलेल्या, पण कोणताही परवाना न जोडलेल्या कोडचा वापर करण्याची मुभा कोणालाही नसते. परवाना हा निर्बंध नसून परवानगीच आहे, आणि तो नसेल तर मूळ कायद्याची मनाई तेवढी शिल्लक राहते.

परवान्यांची कुळे थोडक्यात सांगता येतात. एमआयटी, बीएसडी आणि अपाची हे उदार परवाने वापर, बदल आणि विक्री या सर्वांना मोकळीक देतात, आणि मूळ लेखकाची हक्कसूचना व परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा एवढीच मुख्य अट घालतात. अपाचीच्या २००४ मधील दुसऱ्या आवृत्तीत पेटंटविषयीचे कलमही आहे. जीपीएल हा ‘कॉपीलेफ्ट’ परवाना, म्हणजे त्याखालील कोड मिसळून तयार झालेली कृती दुसऱ्याला द्यायची असेल, तर तीही त्याच अटींवर आणि सोर्स कोडसह द्यावी लागते. एलजीपीएल आणि मोझिलाचा एमपीएल हे याचेच सौम्य प्रकार, ज्यांत ही अट त्या लायब्ररीपुरती किंवा त्या फाइलपुरती राहते. २००७ मध्ये आलेल्या एजीपीएलने ती अट नेटवर्कवरून दिल्या जाणाऱ्या सेवेपर्यंत वाढवली. कुळे एवढीच असली, तरी कोणतेही दोन परवाने एकमेकांशी जुळतीलच असे नाही. अपाची परवान्याचा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत मिसळता येतो, पण दुसऱ्या आवृत्तीशी त्याचे पेटंटविषयक कलम जुळत नाही, असे जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे मत आहे.

यापलीकडे गेल्या काही वर्षांत एक चौथे कुळ वाढले आहे, आणि त्यानेच तपासणीचे काम सर्वांत अवघड केले आहे. सोर्स सर्वांना दिसतो, पण त्याच्या व्यापारी वापरावर बंधने असतात, असे हे परवाने आहेत. इलॅस्टिकसर्चने जानेवारी २०२१ मध्ये अपाची परवाना सोडून ही वाट धरली, हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये, रेडिसने मार्च २०२४ मध्ये. पुढे इलॅस्टिकसर्चने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय दिला. याचा परिणाम वडवणीच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलालाही दुरून स्पर्श करतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड ज्या दीक्षा मंचाकडे नेतात, तो एकस्टेप प्रतिष्ठानने पुढे आणलेल्या सनबर्ड या सॉफ्टवेअरवर उभा आहे, आणि सनबर्डचा स्वतःचा परवाना एमआयटी आहे. परंतु सनबर्ड ज्या माहितीसाठ्यांवर उभारले गेले, त्यांपैकी कॅसँड्रा अपाची परवान्याखाली, निओफोरजेची सामुदायिक आवृत्ती जीपीएलखाली, आणि इलॅस्टिकसर्च ७.१० पर्यंत अपाचीखाली आणि ७.११ पासून वेगळ्या अटींखाली आहे. म्हणजे ‘इलॅस्टिकसर्चचा परवाना कोणता’ या प्रश्नाला आवृत्तीचा आकडा सांगितल्याखेरीज उत्तरच नाही. परवाना जडलेला असतो तो विशिष्ट आवृत्तीला. घटकाच्या नुसत्या नावावरून तो ठरत नाही. ज्या तपासणी-अहवालात आवृत्तीचे रकाने रिकामे आहेत, तो अहवाल वाचण्यात फारसा अर्थ नसतो.

कोणती अट केव्हा लागू होते, हे सॉफ्टवेअर कोणाच्या हाती आणि कसे पडते यावर ठरते. जीपीएलची मुख्य अट वितरणाशी बांधलेली आहे. मोठ्या शहरातील एखादी कंपनी आपले सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवते आणि ग्राहकाला केवळ त्याची सेवा देते, तेव्हा सर्व्हरवरच्या कोडचे वितरण होत नाही, आणि जीपीएलखालील घटक तिला फारसा त्रास देत नाही. एजीपीएल नेमकी हीच पळवाट बुजवण्यासाठी लिहिला गेला. याउलट वडवणीच्या बाजारपेठेतील कापूस-सोयाबीनच्या आडतीवर जाऊन तेथील संगणकात हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवून देणारा स्थानिक व्यावसायिक प्रत्यक्ष प्रत हवाली करतो, आणि त्याच क्षणी तो वितरक ठरतो. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखालील लायब्ररी जोडलेली असेल, तर सोबत सोर्स कोड द्यावा, किंवा निदान तीन वर्षे मागेल त्याला तो देण्याचे लेखी आश्वासन द्यावे, हे त्याच्यावर बंधनकारक होते. मोबाइल ॲपचेही तसेच, कारण ॲप वापरणाऱ्याच्या फोनमध्ये उतरते. वेबसाइटवरील जावास्क्रिप्टसुद्धा वाचकाच्या ब्राउझरमध्ये येऊन चालते. परवान्यांची चिंता ही बड्या कंपन्यांची, लहान माणसाला तिचे काय, असा एक समज आहे. अटींची रचना पाहिली तर जबाबदारीचा भार लहान वितरकावरच अधिक पडतो, आणि त्याच्याजवळ वकील नसतो.

घोषित परवाना आणि प्रत्यक्ष परवाना यांत केवढे अंतर पडू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मार्च २०२१ मध्ये रूबी भाषेच्या जगात घडले. मिममॅजिक ही एक छोटी लायब्ररी. फाइल कोणत्या प्रकारची आहे, चित्र की पीडीएफ की ध्वनिफीत, हे ओळखणे एवढेच तिचे काम. तिच्यावर एमआयटीचा शिक्का होता, आणि परवाने तपासणारी सर्व साधने तो शिक्का वाचून तिला सोडून देत होती. वस्तुतः फाइलींचे प्रकार ओळखण्याचे कोष्टक तिने शेअर्ड-माइम-इन्फो या दुसऱ्या प्रकल्पातून जसेच्या तसे उचलून आपल्यात ठेवले होते, आणि त्या एक्सएमएल फाइलीच्या माथ्यावर जीपीएलची सूचना होती. ही गोष्ट लेखकाच्या निदर्शनास आणली गेल्यावर त्याने नवी आवृत्ती जीपीएलखाली काढली आणि जुन्या आवृत्त्या रूबीच्या पॅकेजांच्या भांडारातून मागे घेतल्या. रेल्स या प्रसिद्ध वेब-चौकटीतील ॲक्टिव्ह स्टोरेज हा भाग मार्सेल या लायब्ररीवर विसंबून, मार्सेल मिममॅजिकवर विसंबून, आणि मिममॅजिक त्या एका फाइलीवर विसंबून होते. जुनी आवृत्ती भांडारातून नाहीशी होताच जगभरातील असंख्य रेल्स प्रकल्पांची बांधणी, म्हणजे बिल्ड, एकाएकी बंद पडली. दोन-तीन दिवसांत मार्ग निघाला: रेल्सने मार्सेलची नवी आवृत्ती घेतली, जिने जीपीएलचे कोष्टक टाकून अपाची टीका प्रकल्पातील कोष्टक स्वीकारले, आणि मिममॅजिकनेही ती फाइल सोबत देणे थांबवून पुन्हा एमआयटीचा रस्ता धरला.

या प्रसंगात कोणाची लबाडी नव्हती. लेखकाने स्वतः लिहिलेल्या कोडवर एमआयटी लावला होता, आणि तो त्याच्या कोडपुरता खराही होता. चूक एवढीच की पेटीवरची चिठ्ठी पेटीतील सगळ्याच मालाला लागू आहे असे सर्वांनी, साधनांनीसुद्धा, गृहीत धरले. जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्यावर नाव दिसले म्हणून कोणी जाणता माणूस इसार देत नाही, मागचे फेरफार काढून पाहतो. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात मात्र पॅकेजच्या वर्णनात ‘एमआयटी’ असे लिहिलेले दिसले की तपासणी झाली असे मानले जाते. या सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे, आणि पुढे आलेली साधने, मानके व नियम यांचे मोल ती हे अंतर किती कमी करतात यावरच ठरवायला हवे.

मराठी सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे अंतर सर्वांत जास्त आढळते ते फॉन्टांत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीची श्रीलिपी ही मालिका महाराष्ट्रातील छापखाने, वृत्तपत्रे आणि लग्नपत्रिका छापणारी डीटीपीची दुकाने यांना दोन पिढ्यांपासून ठाऊक आहे, आणि ती विकत घ्यायची मालकी हक्काची वस्तू आहे. त्याच कंपनीने पुरवलेले लोहित या नावाचे फॉन्ट मात्र रेड हॅटने जीपीएलखाली खुले केले, आणि त्यांत मराठीचाही समावेश होता. म्हणजे एकाच घराण्यातून आलेली अक्षरे, एक संच पूर्णपणे बंदिस्त आणि दुसरा मुक्त. फॉन्टाच्या फाइलीत निर्मात्याचे नाव सापडले तरी परवाना कळत नाही, याचा यापेक्षा जवळचा दाखला मराठी वाचकाला मिळणार नाही. लोहितचीही कथा तेथे संपली नाही. जीपीएल हा प्रोग्रामसाठी लिहिलेला परवाना असल्यामुळे तो फॉन्टाला लावला की एक विचित्र शंका उभी राहते: पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत होतो, तर मग तो सारा दस्तऐवजच जीपीएलखाली येतो काय? यावर उपाय म्हणून जीपीएलसोबत फॉन्टांपुरता खास अपवाद जोडण्याची पद्धत आहे. ओपन फॉन्ट लायसन्समध्ये ही शंका मुळातूनच मिटवलेली आहे, कारण त्या फॉन्टात तयार केलेल्या दस्तऐवजाला परवान्याची अट लागत नाही असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. सप्टेंबर २०११ मध्ये लोहित फॉन्ट या परवान्याखाली आणले गेले.

या परवान्याच्या दोन अटी व्यवहारात वारंवार मोडल्या जातात. एक म्हणजे फॉन्ट एकट्याने, दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरविना, विकता येत नाही. आणि दुसरी म्हणजे मूळ निर्मात्याने राखून ठेवलेले नाव सुधारलेल्या फॉन्टाला देता येत नाही. ही साखळी नीट पाळली जाते तेव्हा ती कशी दिसते, हे शोभिका या फॉन्टावरून कळते. आयआयटी मुंबईत तयार झालेला हा फॉन्ट राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा आणि पॅराटाइपच्या पीटी सेरिफ या दोन मुक्त फॉन्टांवर आधारलेला आहे, तसे त्याच्या माहितीपत्रात नमूद केलेले आहे, आणि त्याचे स्वतःचे नाव वेगळे आहे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हा फॉन्टही याच परवान्याखाली मिळतो. मराठी ॲप तयार करणाऱ्याला चांगल्या, निर्वेध अक्षरांची वाण आता राहिलेली नाही.

असे असूनही प्रत्यक्षात काय होते, तर विंडोजच्या संगणकातील मंगल या मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टाची फाइल उचलून ॲपच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते, कारण अक्षरे दिसली की काम झाले असे वाटते. पॅकेजांच्या याद्या वाचणाऱ्या साधनाला ही फाइल दिसतच नाही, कारण ती कोणत्याही भांडारातून रीतसर आलेली नसते. ती चित्रांच्या आणि आवाजांच्या शेजारी निमूटपणे पडून असते. तिला बोलते करणे अवघड नाही. प्रत्येक फॉन्ट-फाइलीत नावांचे एक कोष्टक असते. त्यातील शून्य क्रमांकाच्या नोंदीत हक्कसूचना, तेराव्यात परवान्याचे वर्णन आणि चौदाव्यात परवान्याचा पत्ता लिहिलेला असतो. फॉन्टफोर्जसारख्या मोफत साधनात फाइल उघडून या तीन नोंदी वाचल्या, तर पाच मिनिटांत बहुतेक प्रश्न सुटतो. तेरावी नोंद रिकामी असेल आणि शून्याव्या नोंदीत ‘सर्व हक्क राखीव’ या अर्थाचा मजकूर असेल, तर तो फॉन्ट काढून टाकणे हाच शहाणपणा. परवान्यांच्या तपासणीवर लिहिल्या गेलेल्या बहुतेक मार्गदर्शनात फॉन्टांचा उल्लेख एखाद्या ओळीपुरता असतो, कारण ते इंग्रजी अक्षरांच्या जगात लिहिले गेले, जेथे फॉन्ट फारसा कोणी सोबत देत नाही. मराठीत काम करणाऱ्याने तपासणीचा आरंभच येथून करावा.

साधनांचे दोन वर्ग पडतात, आणि त्यांतला फरक वर सांगितलेल्या अंतराशी थेट जोडलेला आहे. पहिल्या वर्गातील साधने पॅकेजाच्या वर्णनात काय लिहिले आहे ते गोळा करतात. जावास्क्रिप्टच्या एनपीएमसाठी लायसन्स-चेकर, पायथनसाठी पिप-लायसन्सेस, रस्टसाठी कार्गो-डेनाय ही त्यांची ओळखीची नावे. ती चटकन चालतात, प्रत्येक बिल्डबरोबर आपोआप चालवता येतात, आणि नको त्या परवान्याचा घटक शिरताच बिल्ड अडवू शकतात. दुसऱ्या वर्गातील साधने प्रत्येक फाइल उघडून तिच्यातील मजकूर ज्ञात परवान्यांच्या मजकुरांशी ताडून पाहतात. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जन्मलेले आणि २०१५ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली असलेले फॉसॉलॉजी हे त्यांतले जुने नाव, आणि स्कॅनकोड हे सध्या सर्वत्र आधाराला घेतले जाणारे. मिममॅजिकमधील ती एक्सएमएल फाइल पकडण्याची शक्यता या दुसऱ्या वर्गालाच होती. परंतु त्याची किंमतही आहे: ‘हा कोड जीपीएलखाली नाही’ असे टिपण असलेली फाइलही असे साधन जीपीएलच्या खात्यात टाकू शकते, चाचणीसाठी ठेवलेले नमुने मोजते, आणि मध्यम आकाराच्या प्रकल्पातही माणसाने निवाडा करावा अशा नोंदींचा ढीग समोर टाकते. हा निवाडा यंत्रावर सोपवता येत नाही, आणि तो कोणी, कोणत्या कारणाने दिला याची नोंद न ठेवल्यास पुढच्या आवृत्तीच्या वेळी तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

या नोंदींसाठी एक समान भाषा असावी म्हणून एसपीडीएक्स हे मानक तयार झाले, आणि २०२१ मध्ये ते आयएसओ/आयईसी ५९६२ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्याचा सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे प्रत्येक परवान्याला दिलेले ठरावीक छोटे नाव आणि ती नावे ‘आणि’ व ‘किंवा’ यांनी जोडण्याची रीत. फ्रीटाइपचा परवाना ‘किंवा’ने जोडलेला आहे, म्हणून घेणाऱ्याने फ्रीटाइपचा स्वतःचा परवाना निवडला की जीपीएलची अट उरत नाही, फक्त दस्तऐवजात श्रेय द्यावे लागते. तेच ‘आणि’ असते तर दोन्ही अटी पाळाव्या लागल्या असत्या. अनेक अहवालांत केवळ स्वल्पविराम देऊन दोन परवाने लिहिलेले आढळतात, आणि मग वाचणाऱ्याला नेमके काय घ्यायचे हे कळत नाही. घटकांपेक्षा संस्थेच्या कामाच्या पद्धतीकडे पाहणारे ओपनचेन हे दुसरे मानक, आयएसओ/आयईसी ५२३० : २०२०, त्यात जबाबदार व्यक्ती नेमणे, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि बाहेरून आलेल्या विचारणेला उत्तर देण्याची वाट ठेवणे यांवर भर आहे. लहान व्यावसायिकाला त्याचे प्रमाणपत्र परवडेल न परवडेल, पण त्यातील प्रश्नावली स्वतःला विचारून पाहण्यास खर्च येत नाही.

परदेशी न्यायालयांनी या परवान्यांना मान्यता दिली आहे, एवढे येथे नोंदवणे पुरे. म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये जीपीएल बंधनकारक मानला, अमेरिकेत जेकबसन विरुद्ध कॅट्झर या २००८ च्या निर्णयाने परवान्याची अट मोडणे हा प्रताधिकाराचा भंग ठरू शकतो असे सांगितले, आणि पॅरिसच्या अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जीपीएलच्या भंगाबद्दल ऑरेंज या दूरसंचार कंपनीला ५ लाख युरो आर्थिक नुकसानभरपाई आणि दीड लाख युरो लेखकाच्या नैतिक हानीबद्दल द्यायला लावले.

भारतीय कायद्यात मात्र एक गाठ आहे, जी परदेशी मार्गदर्शिका वाचणाऱ्याला सापडत नाही. अधिनियमाच्या कलम ३० अ नुसार, हक्काच्या हस्तांतरणाला लागू असलेल्या कलम १९ च्या तरतुदी आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात; आणि कलम १९ असे सांगते की मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची समजावी, आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते समजावे. अपाची परवान्यात ‘कायमचा’ आणि ‘जगभर’ असे दोन्ही शब्द आहेत. जीपीएलची तिसरी आवृत्ती प्रताधिकाराच्या पूर्ण मुदतीपर्यंत हक्क देते. एमआयटीचा मजकूर, जो सर्वांत निरुपद्रवी मानला जातो, तो मुदतीविषयी आणि क्षेत्राविषयी अवाक्षर काढत नाही. अक्षरशः वाचले तर भारतीय लेखकाने एमआयटीखाली दिलेला हक्क पाच वर्षांनी संपतो असे म्हणता येईल. ‘आवश्यक त्या फेरफारांसह’ या शब्दांच्या आधारे त्याविरुद्धही युक्तिवाद करता येईल, आणि सर्वांना खुल्या असलेल्या परवान्याचा हेतू पाहता हा दुसरा युक्तिवाद अधिक सयुक्तिक वाटतो. तरीही भारतात नवा कोड खुला करणाऱ्याने एमआयटीऐवजी अपाची निवडला, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. हक्क पूर्ण सोडून द्यायचा असेल, तर कलम २१ नुसार विहित नमुन्यात निबंधकाला किंवा जाहीर सूचनेद्वारे तसे कळवण्याची सोय आहे. आणि हक्क हस्तांतरित केला तरी आपले कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा विशेष अधिकार कलम ५७ नुसार शिल्लक राहतो, त्यामुळे हक्कसूचना पुसून टाकणे दुहेरी धोक्याचे ठरते.

तपासणीची सक्ती भारतात प्रताधिकाराच्या वाटेने आली नाही, ती सुरक्षिततेच्या वाटेने आली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतील गंभीर दोष उघड झाला, तेव्हा जगभरातील संस्थांना आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे की नाही हेच सांगता येईना. त्यानंतर सॉफ्टवेअरच्या घटकांची संपूर्ण यादी, जिला एसबॉम म्हणतात, ती मागण्याची रीत वाढली. मुंबईस्थित सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षाविषयक चौकटीत ती आपल्या नियंत्रणाखालील संस्थांकडून मागितली, आणि सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्याविषयी तांत्रिक मार्गदर्शिका काढली. एसबॉममध्ये निदान काय असावे हे सांगणाऱ्या अमेरिकेच्या २०२१ च्या यादीत परवान्याचा रकाना नव्हता. सर्ट-इनच्या यादीत तो आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र यातून एक नवा तोटाही दिसू लागला आहे. सुरक्षिततेसाठी घटकाचे नाव आणि आवृत्ती अचूक असली की भागते. त्यामुळे यादी तयार करणारी साधने परवान्याचा रकाना पॅकेजाच्या वर्णनातून जसाच्या तसा भरतात, आणि तपासला न गेलेला शिक्का आता अधिकृत कागदावर चढतो.

अवलंबित घटक म्हणजे कोड, ही व्याख्याही आता अपुरी पडू लागली आहे. मराठी मजकूर समजून घेणारे ॲप आज एखादे तयार भाषा-प्रारूप वापरते, आणि मराठीसाठी या क्षेत्रात सर्वांत जास्त काम पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने केले आहे. त्यांची मराठी बर्ट प्रारूपे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली मिळतात, ज्यात व्यापारी वापराला मुभा आहे. त्यांच्या महाकॉर्पस या मजकूरसंग्रहावर मात्र अव्यापारी वापर आणि त्याच अटींवर पुनर्वितरण अशी बंधने आहेत. शेतमालाच्या भावांविषयी मराठीत विचारलेले प्रश्न समजून घेणारे व्यापारी ॲप एखाद्याने तयार केले, तर तयार प्रारूप घेणे आणि तो संग्रह घेऊन स्वतःचे प्रारूप घडवणे या दोन मार्गांवरच्या अटी वेगळ्या होतात, जरी दोन्हींतून निघणारे फळ सारखेच दिसले. अव्यापारी अट असलेल्या मजकुरावर शिकलेल्या प्रारूपाला ती अट चिकटते की नाही, याचे सर्वमान्य उत्तर अजून ठरलेले नाही, आणि स्कॅनकोड किंवा फॉसॉलॉजी यांना प्रारूपाच्या आकड्यांत वाचण्यासारखे काही सापडत नाही. सध्या करता येण्यासारखे एवढेच की प्रारूपाचे नाव, त्याची आवृत्ती, ते कोणत्या मजकुरावर शिकले याची निर्मात्याने दिलेली माहिती आणि ते घेण्याचा निर्णय कोणी कोणत्या दिवशी घेतला, या चार गोष्टी घटकांच्या यादीतच फॉन्टांच्या खाली लिहून ठेवायच्या.